आठ तारा

"बेल वाजली की हातातलं टाकून जायचं," चपला घालता घालता बाळारामने तिसऱ्यांदा सांगितलं. "कफ अडकला की तिला बसती कर, पाठीवर थापट्या मार. येळ लावायचा नाय."

"ऐकलं, बाबा. मी काय बहिरा नाय," नरेंद्र म्हणाला.

म्हातारा मुरबाडला निघाला होता. सिद्धगडच्या पायथ्याचा कोणी लखमा लकव्यावर झाडपाल्याचं तेल देतो आणि आज बाजारात भेटेल, असं त्याच्या कानावर आलं होतं. बायको दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली, डॉक्टरांनी हात टेकलेले, आणि हा चालला बाटली आणायला. पण टेलिफोन खात्यात तीस वर्षं खांबावर चढण्यात घालवलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षा तरी काय ठेवायची? नरेंद्रने ती केव्हाच सोडली होती.

सोनूबाईची उजवी बाजू गेली होती, वाचाही गेली होती. उरला होता एक डावा हात. त्या हातापाशी बाळारामने बटण बांधून दिलं होतं. ते दाबलं की स्वयंपाकघरातली बेल वाजायची, अशी कर्कश की मढं उठून बसावं. लाइट गेली तरी वाजायची, कारण म्हाताऱ्याने ती बॅटरीवर घेतली होती. शहापुरातल्या त्या घरात माडीवर, परसात, कुठेही असा, सुटका नव्हती.

नरेंद्रने आईला पेज भरवली आणि माडीवर गेला. लगेच बेल. पाणी हवं होतं. पुन्हा बेल. डाव्या हाताने खूण, पंखा लाव. तिसऱ्यांदा बेल. पंखा बंद कर.

"आता झोप, आई. मला काम आहे," असं म्हणून त्याने दार ओढून घेतलं.

काम म्हणजे त्याचा जोडधंदा. आठवडाभर तो आसनगावहून मुंबईला जाऊन एका ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळायचा आणि रविवारी लोकांच्या लग्नांच्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून द्यायचा. सगळी लग्नं साठवायला त्याने सर्व्हर उभा केला होता. तो आईच्या खोलीवरच्या माळ्यावर, आणि हा घराच्या दुसऱ्या टोकाला, माडीवर. मधे केबल. एक लग्न तिकडे पोचायला सव्वा तास लागायचा. दोन हजार सात साल उजाडलं तरी ह्याच्या घरात बैलगाडी.

म्हणून त्याने पदरमोड करून दोन्हीकडे नवी कार्डं बसवली, नवा स्विच आणला. तरी वेग जिथल्या तिथे. जुन्या कार्डाला केबलमधल्या आठ तारांपैकी चारच पुरायच्या, नव्याला आठही लागत होत्या. आणि ही केबल ओढली होती बापाने. "भायेरचा मानूस कशाला? मी जिता हाय ना," म्हणाला होता.

नरेंद्रने भिंतीवरची डबी उघडली आणि कपाळाला हात लावला. चार तारा जागेवर होत्या. उरलेल्या चार बाजूला ओढून, टेलिफोनच्या जुन्या वायरीला पिळून, वर काळी टेप गुंडाळलेली. ती वायर भिंतीतून खाली स्वयंपाकघराकडे गेली होती. पूर्वी तिथे दुसरा फोन असायचा, मोबाइल आल्यावर तो गेला. म्हाताऱ्याची कारागिरी मात्र राहिली होती.

"मोकळी तार म्हंजे फुकट गेलेलं तांबं," हे बापाचं ब्रह्मवाक्य. एक तार रिकामी दिसली की त्याच्या हाताला खाज सुटायची. असल्या माणसाने केबलला हात लावावाच कशाला?

नरेंद्रने पक्कड घेतली आणि टेपेसकट सगळं कापून काढलं. मग शिडी लावून माळ्यावर चढला. तिथेही त्याच चार तारा पळवलेल्या. पुढे त्या कुठे जात होत्या हे वाकून बघायचीही त्याला गरज वाटली नाही. त्याही कापल्या. दोन्ही टोकांना आठ-आठ तारा बसवून नवे जॅक लावले. खाली उतरल्यावर आईच्या दाराशी क्षणभर थांबला. आत सामसूम होती.

कॉम्प्युटर चालू केला आणि नरेंद्रचा जीव गार झाला. सव्वा तासाचं लग्न वीस मिनिटांत पार. एकामागून एक त्याने पाच लग्नं रवाना केली. घरही कसं शांत होतं. मुलगा कामात आहे एवढं म्हातारीला कळलं असावं, म्हाताऱ्यापेक्षा तीच शहाणी. मधे दोनदा त्याने कान देऊन बघितलं. बेल नाही, काही नाही.

बाळाराम आला तेव्हा साडेतीन वाजले होते. पेपरात गुंडाळलेली बाटली छातीशी धरून तो धापा टाकत माडीवर आला.

"कितींदा बोलावलं?"

"तुमी गेल्यावर तीनदा. मग एकदाही नाय. तीन तास गाढ झोपलीय."

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "रात्रभर डोला नवता लागला तिचा. बरं झालं."

नरेंद्रला राहवलं नाही. त्याने टेबलावरचे तारांचे तुकडे उचलून बापाच्या हातावर ठेवले. "ही बघा तुमची कारागिरी. माझ्या केबलला जळवा लावून ठेवल्या होत्या. दोन्हीकडच्या काढल्या, आता कसं फास्ट चालतंय बघा."

बाळाराम काळ्या टेपेचा तुकडा बोटांत फिरवत राहिला.

"आन् बेल?" त्याने विचारलं.

"वाजलीच नाय, म्हटलं ना."

म्हाताऱ्याने बाटली तिथेच जमिनीवर ठेवली आणि जिन्याकडे धावला. नरेंद्र खाली पोचेपर्यंत त्याने दार ढकललं होतं. सोनूबाई दाराकडे तोंड करून पडली होती, डोळे उघडे होते, आणि तिच्या डाव्या हाताचा अंगठा बटणावर तसाच दाबलेला होता.