व्हर्जन एक पॉइंट सात

"परशुरामने टाकीचा व्हॉल्व्ह वेळेवर उघडला नाही, म्हणून कारखान्यात स्फोट झाला," निरीक्षक म्हणाले आणि फाइल मिटू लागले.

"व्हॉल्व्ह तो उघडत नव्हताच, साहेब. प्रोग्रॅम उघडतो," हेमा म्हणाली. "माझ्या प्रोग्रॅममध्ये तापमान एकशेवीस अंशांना गेलं की उघडायचा. नंतर कुणीतरी ती मर्यादा वाढवली. कुणी, ते मशीनच सांगेल."

शेजारी परशुरामची बायको सगुणा बसली होती, बाळकुमच्या कोळीवाड्यातली. मेलेल्या नवऱ्यावरचा ठपका ती अकरा दिवस ऐकत होती. तिने हेमाचा डावा हात घट्ट धरला होता. विभागप्रमुख त्र्यंबकराव चष्मा पुसत होते.

प्रोग्रॅमच्या पोटात एक ओळ दडलेली असते. कितवं व्हर्जन, कधी बदललं, कुणी बदललं. ती ओळ शोधून काढणारी कमांड हेमाने एका हाताने टाइप केली. तिचं व्हर्जन एक पॉइंट सहा होतं.

पडद्यावर आलं एक पॉइंट सात. तारीख चौदा मार्च. नाव हेमा.

"हे तर तुमचंच नाव," निरीक्षक म्हणाले.

हेमाने वळून त्र्यंबकरावांकडे पाहिलं. तिचा पासवर्ड त्यांच्याकडे होता. रजेवर जाताना, काम अडायला नको म्हणून, तिनेच दिला होता.

"चौदा मार्चला मी नाशिकला होते. आईचा दहावा होता."

"मस्टर बघा ना," त्र्यंबकराव हळूच म्हणाले आणि त्यांनीच ते पुढे सरकवलं.

चौदाच्या रकान्यात सही होती. दुसऱ्या कुणाची नाही, हेमाचीच. ती परतली त्या दिवशी त्र्यंबकराव म्हणाले होते, "रजा शिल्लक नाही ना तुझी? मागच्या दिवसांच्या सह्या करून टाक. मी आहे." केवढा देवमाणूस वाटला होता तिला तेव्हा!

"सही तुमचीच?"

"हो."

निरीक्षकांनी फाइल पुन्हा उघडली. परशुरामच्या नावावर काट मारली आणि लिहू लागले. त्र्यंबकरावांनी चष्मा चढवला.

सगुणाला वाचता येत नव्हतं. ती पडद्याकडे बघत होती.

"बाय, माझ्या मान्साचा नाव निघाला का गो?"

"नाही. त्याची चूक नव्हती."

"मंग कोनाचा?"

"माझं."

सगुणाने तिचा हात सोडला.