शत्रूचं गाव

"हे काय केलंस हेमू?"

निंबाभाऊ मांडवात शिरले आणि जागच्या जागी थबकले. उद्या गणपती बसणार होता. मूर्ती दुपारीच आली होती. तोंडावर रुमाल, पण आशीर्वादाचा हात उघडा, अशी ती स्टेजवर विराजमान होती. तिच्यासमोर देखावा.

यंदा मे महिन्यात पोखरणला स्फोट झाले, त्यामुळे धुळ्यातल्या अर्ध्या मंडळांचा देखावा अणुबॉम्बचाच होता. पण निंबाभाऊ मंडळाचे अध्यक्ष आणि धंद्याने पंपाच्या मोटारींत नवी तार भरणारे. विहिरीवरची जळालेली मोटार त्यांच्या हातात आली की गुणी होऊन परत जायची. म्हणून त्यांच्या पाचव्या गल्लीचा बॉम्ब खरोखर फुटणार होता. बटण दाबलं की तारेवर चढवलेला कापसाचा ढग गावातून वर, वर, पार झालरीपर्यंत!

ते खालचं गाव हेमलताकडे दिलं होतं. दहावीतली हेमलता. मंडळाच्या कामात पहिल्यांदाच एक मुलगी घेतली होती आणि ही बातमी तिने स्वतःच गल्लीभर पोचवली होती.

"शत्रूचं गाव कर म्हणालो होतो."

"शत्रूचंच आहे की!"

"मग गच्चीवर पापड कोणाचे?"

"त्यांचेच. शत्रू काय पापड खात नाही?"

स्टेजला रंग देणारा रुपचंद हसला. निंबाभाऊंनी वळून बघितलं तसा खोकला.

निंबाभाऊ गुडघ्यांवर बसले. काड्यापेट्यांची घरं होती. पिठाची गिरणी होती, तिच्या दारात डोक्यावर डबा घेतलेली बाई होती. शाळा, पाण्याची टाकी, स्टँडावर एसटी. अंगणात खाट, खाटेवर म्हातारा, त्याच्या उशाशी तांब्यासुद्धा.

"हे तर आपलं नरडाणा वाटतंय."

"मी धुळं बघितलंय आणि मामाचं नरडाणा. तुम्ही सांगा ना भाऊ, शत्रूचं गाव कसं असतं? मी तस्सं करते."

निंबाभाऊंनी खरंच विचार केला. बराच वेळ केला.

"रणगाडे कर. सैनिक कर."

"रणगाड्यांवर कुठे टाकतात हा? हिरोशिमात सकाळची वेळ होती. मुलं शाळेत चालली होती."

"अगं, हा वापरायचा नसतो. नुसता जवळ ठेवायचा, धाकासाठी."

"पण आपला तर रोज आरती झाली की फुटणार!"

रुपचंद ब्रश घेऊन मदतीला धावला. "देवाजवळ शस्त्र नाही का? हा बघ हातात परशू."

तेवढ्यात निंबाभाऊंची आई मंजुळाबाई चहा घेऊन आली. सगळी गल्ली तिला मोठी माय म्हणायची.

"परशू माराले जवळ जानं पडस रुपचंद," ती म्हणाली. "समोरलानं तोंड देखानं पडस." मग तिने मूर्तीकडे मान वळवली. "आनि हाऊ दुसरा हात कोणावर शे रे निंबा? बॉम्बवर का गाववर?"

सगळ्यांनी वर बघितलं. हात बरोब्बर पापडांच्या गच्चीवर होता. ढगही तिथूनच निघणार होता.

"माय, परवा परीक्षक येणार आहेत," निंबाभाऊंचा आवाज एकदम लहान झाला. "मागच्या वर्षी नंबर हुकला. दुकान बंद ठेवून खपलोय मी ह्याच्यावर."

"मी तं फक्त इचारं. चहा पी."

निंबाभाऊंनी कप हातात घेतला, तसाच खाली ठेवला.

"असं कर हेमू. माणसं काढ. घरं राहू दे. रिकामी घरं उडाली तर कोणाचं काय जातंय?"

हेमलताचं तोंड एवढंसं झालं. त्या माणसांची नाकंसुद्धा तिने काडीने कोरली होती. पण अध्यक्षांचा शब्द होता.

"मग हात पुढे करा," ती म्हणाली. "शाडू ओला आहे अजून. कुठे ठेवलं तर मोडतील."

त्यांनी हात पुढे केला.

"ही गिरणीवरची अक्का. तिचं दळण व्हायचंय, डबा सांभाळा. हे आबा. आडवेच धरा, त्यांना बसवत नाही. हा कंडक्टर. ह्या दोघी पाचवीतल्या, हिची रिबीन सुटलीये. अहो, बोट नका हलवू!"

"नाही हलवत."

"ही पापडवाली. आणि ही बाळंतीण, बाळ पदराखाली आहे, दिसत नाही, पण आहे."

एक तळवा भरला. दुसरा पुढे आला. मोटारींच्या वॉर्निशने काळी पडलेली ती जाड बोटं निंबाभाऊंनी एकमेकांना चिकटवली, कुठे फट राहू नये म्हणून. नाकावर माशी बसली. त्यांनी ती फुंकून उडवायचा प्रयत्न केला, मग फुंकरही आवरली.

"अजून किती गं?"

"अर्धं गाव आहे, भाऊ."

रुपचंद एव्हाना स्टेजखाली शिरून वायरी जोडत होता. पडद्याआडून त्याचं डोकं बाहेर आलं.

"झाली का घरं रिकामी? ट्रायल घेतो भाऊ. दाबू बटण?"

"थांब!"

निंबाभाऊ एवढ्यांदा ओरडले की मंजुळाबाईच्या हातातली किटली हिंदकळली. ते गणपतीसमोर उभे होते, तीर्थ घेताना धरतात तशी ओंजळ धरून, श्वाससुद्धा जपून घेत.

"थांब रे," ते हळूच म्हणाले. "माणसं आहेत माझ्या हातात."