मंगळ मागे सरकला तेव्हा

सासूबाई धापा टाकत गच्चीवर आल्या, तेव्हा सून हातातल्या काचेवरचा एक लाल ठिपका नखाने खरवडत होती. उजाडायला अजून थोडा अवकाश होता.

"ताप आलाय म्हणून कालपासून कामाला दांडी, आणि एवढ्या गारठ्यात गच्चीवर?" त्यांनी सुनेच्या कपाळाला हात लावला. कपाळ थंडगार होतं.

सून बस चालवायची. पहिल्या फेरीला निघण्याआधी मंगळ बघायचा, हा नाद तिला वर्षाच्या सुरुवातीला लागला. तेव्हा तो पूर्वेला समोरच्या इमारतींच्या वर जेमतेम डोकं काढायचा. हा लाल तारा बाकीच्यांसारखा जागेवर राहत नाही, एकेकाला मागे टाकत पुढे जातो, हे तिच्या लक्षात आलं आणि मग तिला चैन पडेना. फोटोच्या चौकटीतली काच काढून तिने तिला सुतळी बांधली. सुतळीचं टोक दातात धरायचं आणि सुतळी ताणून काच समोर धरायची, म्हणजे अंतर बदलत नाही. ताऱ्यांवर पांढऱ्या नेलपेंटचे ठिपके, मंगळावर लाल. एक काच भरली की दुसरी. भिंतीवरचे फोटो एकेक करून उघडे पडत चालले होते, पण सासूबाईंनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

"काय झालंय?" त्यांनी आता विचारलं.

सुनेने काच खाली ठेवली. "माझी नजर बिघडलीय, आई."

"कशावरून?"

"मंगळ पुढे जायला हवा होता. इतके महिने पुढेच गेला. आता मला तो मागे आलेला दिसतोय. मागच्या आठवड्यात वाटलं, हात हलला असेल. पण पांढरे ठिपके ताऱ्यांवर नेमके बसतात. लाल तेवढंच चुकतंय."

"मग?"

"मग सिग्नलचं काय? भरलेली बस असते माझ्यामागे."

सून डोळ्यांत तेल घालून बस चालवते, हे सासूबाई सगळ्यांना सांगत आल्या होत्या. ते बस चालवणंच सुटलं तर हिचं काय होईल, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"काच इकडे आण," त्या म्हणाल्या. "मोतीबिंदू काढून माझी भिंगं गेल्या वर्षी बसवलीत. घरातले सगळ्यांत नवे डोळे माझेच आहेत."

"सुतळी दातात धरायची."

"कवळी निघून आली तर?"

"मग ओठांत धरा."

सून पाठ फिरवून उभी राहिली. बघायचंच नाही, असं तिने ठरवलं होतं. मागे सासूबाईंचं पुटपुटणं चालू होतं. हा कृत्तिकांचा झुबका इथे बसला. ही रोहिणी. हिला जरा तिरकं करायला हवं. मग बाटलीचं झाकण फिरल्याचा आवाज आला.

"लावला."

सून वळली. जिन्याच्या दिव्याखाली दोघींनी काच धरली. ओला लाल ठिपका आधीच्या लाल ठिपक्यांच्या रांगेपुढे नव्हता. मघाशी तिने नखाने खरवडलं होतं, बरोबर त्याच ओरखड्यावर तो बसला होता.

सून तिथेच पायरीवर टेकली. तिचा जीव भांड्यात पडला. पण तो तिथे फार वेळ राहिला नाही.

"म्हणजे तो खरंच मागे आला."

"वक्री झाला म्हणतात, ते हेच असेल," सासूबाई म्हणाल्या. "मला वाटायचं, नुसती म्हणायची पद्धत आहे. तुझे सासरे रुसून बसले की मी म्हणायचे."

"पण का? वाटेत कुणी अडवलं त्याला?"

"मला काय विचारतेस? मी नुसता ठिपका लावला."

सून त्याच सकाळी कामावर गेली. सासूबाईही बसमध्ये चढल्या आणि डाव्या बाजूला पहिल्याच खिडकीशी बसल्या. फेरी संपली की सुनेला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन जायचं, तेवढी खात्री करून घ्यायची, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

गाव मागे पडलं. रस्ता मोकळा झाला. लांबवर डोंगरांची रांग होती आणि पुढे एक लादलेला ट्रक रखडत चालला होता. सुनेने हॉर्न दिला आणि बस बाजूने काढली.

"अगं, बघ," सासूबाई खिडकीतून म्हणाल्या, "हा ट्रक त्या डोंगरांसमोरून मागे मागे चाललाय."

"मागे नाही, आई. तोही पुढेच चाललाय. हळू आहे आणि आपण त्याला ओलांडतोय, म्हणून तो..."

तिचं वाक्य तिथेच राहिलं. ट्रक मागे पडला. ती कितीतरी वेळ समोरच्या रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिली.

पुढच्या थांब्यावर तिने इंजिन बंद केलं आणि मान वळवली.

"आई, गच्चीवर आपण उभ्या होतो ना?"

"उभ्याच होतो. मग काय नाचत होतो?"

"मला नाही तसं वाटत," सून म्हणाली. "पृथ्वीवर बसून आपण त्याला ओलांडत होतो. पुरते पुढे गेलो की तो पुन्हा पुढे निघालेला दिसेल. बघाच तुम्ही."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर, उजाडलेल्या रिकाम्या आभाळाकडे. मागच्या दाराने माणसं चढत होती, कुणीतरी सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरशी हुज्जत घालत होतं. बस जागची हलत नव्हती.

सासूबाईंनी समोरची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली.