टाळीएवढा आवाज

आईने डाव्या हाताच्या बोटाने टॅबलेटवरचा एक चौकोन दाबला. तो हिरवा झाला आणि खोलीत घंटेसारखा सूर घुमला. पलंगाच्या काठावर बसलेला तिचा मुलगा श्वास रोखून बघत होता. तिने दुसरा दाबला, मग तिसरा. पडद्यावरचा सीक्वेन्सर चौकोनांवरून फिरत राहिला आणि आईने लावलेले सूर ओळीने पुन्हा पुन्हा वाजवू लागला.

अर्धांगाचा झटका आल्यापासून आईचा उजवा हात लुळा पडला होता आणि वाचा गेली होती. मुलगा ध्वनिमुद्रक. आवाज मोडून-जोडून त्यातून संगीत काढणं हा त्याचा धंदा होता आणि वेडही. बोलता येत नाही तर निदान वाजवू दे, म्हणून त्याने टॅबलेटवर मॉड्युलर सिंथचं, म्हणजे सुटे खोके जोडून हवे ते सूर बनवायचं, ॲप घेतलं, पडद्यावरच्या वायरी या खोक्यातून त्या खोक्यात जोडल्या आणि आईला झेपेल असं वाद्य बांधलं. त्यात एक गंमतही ठेवली. खोलीत मोठा आवाज झाला, की ॲप तो पकडून एका चौकोनात ठेवी. पेला पडला, खिडकी आपटली, तरी त्याचा सूर व्हायचा.

"टाळीएवढा आवाज झाला तर पकडेल," त्याने आईला समजावलं. "कुजबुज केलीस तर नाही." मग आपण हे कुणाला सांगतोय ते लक्षात येऊन तो ओशाळला. आईने त्याच्या हातावर थोपटलं.

दिवसभर आईजवळ सिस्टर असायची. कामाला वाघ, पण जिभेला हाड नाही. आईने तोंड फिरवलं तरी ती तिला उठवून बसवी, चालायला लावी, ओठांचे व्यायाम करून घेई. आईच्या डोळ्यांत पाणी यायचं. सिस्टर जरा जास्तच रेटते, असं मुलाला वाटे.

झटका आला तेव्हा तो दूरच्या शहरात जायला निघाला होता. सिनेमांचे आवाज बनवणाऱ्या एका मोठ्या स्टुडिओने त्याला बोलावलं होतं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते काम. भरलेली बॅग त्याने मुकाट्याने उपसली आणि पुन्हा तो विषय काढला नाही. आता त्यांनी परत विचारलं होतं. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून त्याने सिस्टरला हे सांगितलं आणि आईचं कसं होईल, असं विचारलं.

"तुम्ही जा," सिस्टर म्हणाली. "तुम्हाला वाटतं त्यापेक्षा आई बऱ्या आहेत. मी आधी त्यांच्याशी बोलते, मग तुमच्याशी."

आतल्या खोलीत चाललेले घंटेचे सूर मध्येच थांबले होते.

दुसऱ्या दिवशी तो कामावरून आला तेव्हा आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. सिस्टर गॅलरीत दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. आज आईने काय वाजवलं ते ऐकावं म्हणून त्याने टॅबलेट सुरू केला.

चटाक.

सीक्वेन्सर पुढच्या चौकोनावर गेला. चटाक. त्यापुढच्या चौकोनात मोठ्याने फुटलेला हुंदका होता. मग ओळ संपली आणि पहिल्यापासून सुरू झाली.

त्याने आईला हळूच आपल्याकडे वळवलं. तिचा गाल लालभडक झाला होता.

सिस्टर कपडे घेऊन आत आली. तो आवाज ऐकून ती जागच्या जागी थबकली. मी हात उचलला नाही, असं तिने शांतपणे सांगितलं. मग ती आईकडे वळली.

"आई, तुम्ही सांगताय की मी सांगू?"

मुक्या बाईची थट्टा करते ही, या विचाराने त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ती कशी सांगणार?" त्याने विचारलं.

"तेच तर," सिस्टर म्हणाली. "अहो, आई तर..."

त्याने तिला पुढे बोलू दिलं नाही. सामान घ्या आणि निघा, एवढंच म्हणाला. सिस्टरने आईकडे पाहिलं. आईने डोळे मिटून घेतले आणि तिच्या पापण्यांखालून पाणी ओघळलं. सिस्टरने पर्स उचलली आणि ती निघून गेली.

सकाळी त्याने त्या स्टुडिओला येणं जमणार नाही, असं कळवून टाकलं. आईला परक्यांच्या हाती द्यायचं धाडस आता उरलं नव्हतं. मग सिस्टरला पाठवणाऱ्या संस्थेकडे तक्रार करायला तो बसला. त्यांना पुरावा लागणार होता. ॲप चौकोनांत फक्त मोठ्या आवाजाचे तुकडे टाकत असलं, तरी मागे अख्खं रेकॉर्डिंग साठत असे. हे आईला सांगायचं त्याला कधी सुचलंच नव्हतं. त्याने सगळं आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं, टॅबलेट पुन्हा आईजवळ ठेवला आणि बाहेर येऊन हेडफोन लावले.

पहिली चापट. दुसरी. आईचा हुंदका.

मग दाराची कडी वाजली, आणि बाहेरून पळत आल्यासारखी पावलं. "आई, काय झालं? गाल कशाने लाल झाला?" सिस्टरचा आवाज होता.

हुंदके एकदम थांबले. पुढे नुसती खरखर होती. तिच्या तळाशी काहीतरी हलत होतं. त्याने आवाज वाढवला, खरखर गाळली, परत वाढवला. आतल्या खोलीत आईने एक चौकोन दाबला आणि घंटेचा सूर बारीकसा त्याच्यापर्यंत आला.

हेडफोनमध्ये आई कुजबुजत होती. एकही शब्द अडखळत नव्हता.

"आता सांग त्याला, मी बोलते म्हणून. बघू कुणाचं खरं मानतो. माझा मुलगा मला सोडून कुठेही जाणार नाही."