घरचं गिऱ्हाईक

दुपारी दुकानात दुसरं कुणी नव्हतं. वहिनीनं डॉक्टरांची चिठ्ठी काउंटरवर ठेवली. केमिस्टनं ती वाचली आणि त्याची मान पुन्हा वर येईना. चिठ्ठीवर एकच इंजेक्शन होतं आणि ते कशासाठी देतात हे त्याला ठाऊक होतं.

"डॉक्टरीणबाईंनी सगळं सांगितलंय मला," वहिनी म्हणाली. "तुम्ही नका अवघडू, भाऊजी."

मग तिनं हलक्या आवाजात सांगितलं. तळहातांवर, तळपायांवर डाग उठले होते. तिला वाटलं, भांड्यांच्या साबणाचं असेल. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, दार लावून घेतलं आणि विचारलं की मिस्टर बाहेर कुठं जातात का. वहिनी त्यांच्यावर चिडलीच. साठी उलटलेल्या माणसाबद्दल हे काय विचारणं! त्यावर बाई शांतपणे म्हणाल्या की इंजेक्शन दोघांनीही घ्यायचं, नाहीतर तिचं बरं होऊन पुन्हा होईल. गुप्तरोग हा शब्द वहिनीनं उच्चारला नाही. ती नुसतं 'ते' म्हणाली.

रात्र रात्र जागून तिनं त्यातून एक वाट काढली होती. मागं तिचं ऑपरेशन झालं तेव्हा बाहेरून आणलेलं रक्त चढवलं होतं. त्या रक्तातूनच 'ते' आलं असणार.

"एवढं तुम्ही तुमच्या दादांना सांगा," ती म्हणाली. "मी सांगितलं तर त्यांच्या मनात भलतंच यायचं. म्हणतील, हिनं कुठून आणलं. तुम्ही औषधातले. तुमचं ऐकतील."

केमिस्ट चिठ्ठीची घडी घालत राहिला. तो शाळेत जात होता तेव्हा ही त्यांच्या घरात आली. स्वयंपाक करता करता तिनं त्याच्याकडून पाढे घोटून घेतले, गोवर निघाला तेव्हा त्याच्या उशाशी बसून राहिली. आज ती काउंटरच्या पलीकडे उभी राहून त्याच्याकडे साक्ष मागत होती, आणि तीही स्वतःच्या चारित्र्याची.

"होऊ शकतं रक्तातून," तो म्हणाला.

वहिनीचा चेहरा एकदम सैल झाला. तिनं स्टूल ओढून घेतलं, पदरानं मान पुसली, पाणी मागितलं. ते पाणी ती घटाघटा प्यायली. तिचं ते पाणी पिणं मात्र त्याला बघवेना.

"वहिनी, रक्तातून नाही आलं," तो म्हणाला. "माझ्या दुकानातून गेलंय."

मग त्यानं काउंटरच्या काचेकडे बघत सगळं सांगून टाकलं. निवृत्त झाल्यावर दादा एकदा दुकानात आला आणि पुरुषांच्या त्या गोळ्या मागू लागला. डॉक्टरांची चिठ्ठी नव्हती. पण दादाचं ब्लडप्रेशर, त्याची औषधं केमिस्टला पाठ होती. त्यानं बेतानं, कमी ताकदीच्या गोळ्या दिल्या आणि आपण भावाची काळजी घेतली असंच त्याला वाटलं. गोळ्या घरासाठी आहेत असं समजून तो खाली बघत राहिला होता. पुढं ध्यानात आलं, दादा येतो तो नेमका मित्रांबरोबर बाहेरगावी निघायच्या आधी. त्या सहलींना वहिनी कधीच नसायची.

दुसरं कुणी गिऱ्हाईक असतं तर त्यानं गोळ्यांबरोबर निरोधचं पाकीट पुढं सरकवलं असतं, दोन शब्द स्पष्ट सुनावले असते. रोज कुणा ना कुणाला तो सुनावतच असे. एकदा तर दादासमोरही त्याचा हात त्या खणापर्यंत गेला. पण थोरल्या भावाला हे कसं सांगायचं? त्यानं खण लावून टाकला आणि विचारलं, "गाडी कितीची आहे?" दादा हसला, तसा तोही हसला. हे हसणंसुद्धा त्यानं वहिनीपासून लपवलं नाही.

रस्त्यावरून एक बाई आली, डोकेदुखीची गोळी घेऊन गेली. तेवढा वेळ वहिनी तोंड फिरवून टूथपेस्टच्या खोक्यांकडे बघत राहिली.

"वर्षभरात माझ्याशीही फार चांगले वागायला लागले होते," बाई गेल्यावर ती म्हणाली. "जवळ येऊन बसायचे. जवळ घ्यायचे. मला वाटलं, नोकरी सुटली, आता आपल्याकडे बघायला सवड मिळाली."

केमिस्टनं कपाटातून इंजेक्शन काढलं. क्षणभर थांबून दुसरंही काढलं आणि दोन्ही तिच्यापुढं ठेवली. संध्याकाळी मीच घरी येतो, दादाशी मीच बोलतो, त्याला मला काय बोलायचं ते बोलू दे, असं तो म्हणाला.

"घरी नको, सूनबाई आहे," वहिनी म्हणाली. "आणि तुम्ही पुन्हा मर्यादा सांभाळत बसाल. आत्ता फोन लावा. इथं, माझ्यासमोर."

त्यानं फोन लावला, आवाज मोठा केला आणि काउंटरवर ठेवला. दोनदा घंटी वाजली आणि दादाचा आवाज आला, मोकळा, खुशीतला.

"बोल रे. आला का माल?"

केमिस्टनं वहिनीकडे बघितलं. वहिनी स्टुलावरून उठली आणि फोनवर वाकली.

"आलाय," ती म्हणाली. "या घ्यायला. मी इथंच बसलेय."

दादानं फोन ठेवला नाही. पलीकडे टीव्हीवर कुणीतरी बातम्या सांगत होतं, त्या तेवढ्या दुकानात ऐकू येत राहिल्या.