कोण पुढे, कोण मागे

समिधाचं पत्र येऊन अख्खा उन्हाळा सरला, तरी जगन्नाथरावांनी त्याला उत्तर लिहिलं नव्हतं. बाबा दोन वाक्यं बोलून फोन आईच्या हातात देतात, हे लेकीला ठाऊक होतं. म्हणून तिनं पेनसिल्व्हेनियाहून चक्क कागदावर लिहिलं. तल्हाशी लग्न करावं म्हणतेय. तुम्हाला काय वाटतं ते तुम्हीच कळवा, आईकरवी नको. कंपनीची कागदपत्रं ने-आण करणारा मंदूब टपालपेटीतून ते पाकीट घेऊन आला, तेव्हा जगन्नाथराव आखातातल्या मीना अब्दुल्ला बंदरावरच्या ऑफिसात व्हाउचरं तपासत होते. त्यांनी पत्र वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं. त्या दिवशी त्यांची एकही बेरीज जुळली नाही.

आज शुक्रवार, सुट्टीचा. फहाहीलच्या त्यांच्या फ्लॅटवर मराठी मंडळाचे बाळासाहेब जेवायला आले होते. टीव्हीवर अमेरिकेची निवडणूक चालली होती. मतदान अजून व्हायचं होतं. चालले होते ते नुसते अंदाज. निवेदक नकाशावर बोट फिरवी, राज्यं लाल-निळी होत. पेनसिल्व्हेनिया आलं की जगन्नाथरावांचा घास हातातच राही.

“एका टक्क्यानं पुढे,” बाळासाहेब म्हणाले. “काल मागे होता.”

“आणि चूक किती धरलीय ते खाली बारीक अक्षरात बघा. तीन टक्के इकडे, तीन टक्के तिकडे. म्हणजे यांना काहीएक माहीत नाही. मी असा ताळेबंद दिला असता तर ऑडिटरनं तोंडावर फेकला असता.”

बाळासाहेब बघतच राहिले. मंडळाच्या सभेत आभार मानायलाही उभा न राहणारा हा माणूस.

“तासभर बघतोय,” जगन्नाथरावांचा आवाज चढला. “कोण पुढे, कोण मागे. शर्यत आहे का ही घोड्यांची? निवडून आल्यावर करणार काय, हे एकालाही विचारावंसं वाटत नाही. इथं शेजारी लढाई पेटलीय. ती थांबवणार की वाढवणार? ते राहिलं बाजूला, हा बसलाय दशांश चिन्हं घेऊन. आणि उमेदवार तरी काय, तेही आकडे बघूनच तोंड उघडणार. लोकांना आज हे आवडतंय, मग हे. उद्या ते. स्वतःचं म्हणून मत कुणालाच नाही. लाज वाटायला पाहिजे.”

कमलताई आमटी वाढत होत्या. त्यांनी नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि भाताचं भांडं पुढे सरकवलं.

जेवणं झाली. हात धुऊन येता येता बाळासाहेबांनी सहज विचारलं, “बरं, त्या तुमच्या ओळखीच्यांच्या मुलीचं काय झालं?”

“विचार चाललाय त्यांचा.”

“त्यात कसला विचार? मी तेव्हाच म्हटलं, नाही कळवून मोकळे व्हा. म्हणजे, त्यांना व्हायला सांगा.” बाळासाहेबांनी नॅपकिनला हात पुसले आणि नजर चुकवून चपला शोधल्या.

ते गेल्यावर कमलताईंनी टीव्ही बंद केला.

“आणखी कुणाकुणाला विचारलंत, अहो?”

“काय?”

“ओळखीच्यांच्या मुलीचं.”

जगन्नाथराव खुर्चीत अवघडून बसले. “बँकेतल्या अरुणकुमारांना. ऑफिसातल्या महादेवला. गावी दादाला.”

“काय म्हणाले?”

“अरुणकुमार नाही म्हणाले. महादेवही तेच. दादानं तर फोनच ठेवला.”

“म्हणजे सगळ्यांचं ‘नाही’च.”

“सगळ्यांचं.”

“मग तेच लिहून का नाही पाठवलंत? त्यासाठी एक अरुणकुमार पुरे होता. त्यानंतरही दारोदार विचारत फिरलात, ते कशासाठी?”

उत्तर त्यांच्या तोंडापर्यंत आलं आणि ते दचकले. आपण एकच माणूस शोधत होतो, हो म्हणणारा. तो भेटेना, म्हणून पुढच्याला विचारत होतो.

“तुम्हाला नाही म्हणायचं नाहीये,” कमलताई म्हणाल्या. “फक्त आधी दुसऱ्या कुणीतरी हो म्हणायला हवंय. त्या टीव्हीवाल्याला निदान पगार तरी मिळतो.”

त्या आत गेल्या. जगन्नाथराव बसून राहिले. राई भागात गॅरेज असलेल्या एका रत्नागिरीकराचा मुलगा तल्हा, शाळेपासून घरी यायचा. पुस्तक न्यायचा आणि परत आणताना त्याला कव्हर घालून आणायचा. फाटलेलं पान खळीनं चिकटवलेलं असायचं. कुठल्या पानावर काय पटलं नाही, हे दारात उभं राहून सांगायचा. समिधापेक्षा जास्त वेळ तो बाबांशीच बोलायचा. यातलं एक अक्षरही त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. अरुणकुमारांना नाही, दादाला नाही. सगळ्यांना त्यांनी मुलाचं फक्त नाव सांगितलं होतं आणि मत विचारलं होतं.

आता त्यांना जो राग आला, तो अमेरिकेवरचा नव्हता.

रविवारी कामावर जाण्याआधी ते फहाहीलच्या पोस्टात गेले. मंदूबाच्या हाती पाकीट द्यायला त्यांचं मन घेईना. तिकीट लावण्याआधी कागद पुन्हा बाहेर काढून त्यांनी एकदा वाचला. खोडायचं काही सुचतंय का ते बघितलं. सुचलं नाही.

‘चि. समिधा, इथे मी बऱ्याच जणांना विचारलं. सगळे विरोधात आहेत. मी नाही. तल्हा मला पसंत आहे, तुला पसंत पडायच्याही आधीपासून. बाबा.’

त्यांनी पाकीट चिकटवलं आणि पेटीत टाकलं.