मनसारामचे नवे टायर

डिसेंबर १९५६, सकाळी साडेसात. आलापल्लीजवळच्या आरागिरणीचा भोंगा वाजून अर्धा तास झाल्यावर मनसाराम घामाघूम होऊन फाटकाशी पोहोचला. चार मैलांच्या जंगलवाटेवर रोज पंक्चर व्हायचे, म्हणून परवाच त्याने चांद्याहून चांगल्यातले जाड टायर आणून सायकलला बसवले होते.

“आज बी काटा घुसला का?” मुकादम लटारूभाऊंनी विचारले.

“नाई भाऊ. टायरले ओरखडा बी नाई.”

“मंग उशीर काऊन? उद्या भोंग्याच्या आत नाई आला, तं नाव कटते तुहं.”

“टायर लय महागाचे आहेत, भाऊ,” मनसाराम एवढेच म्हणाला.



दुसऱ्या दिवशी सातचा भोंगा वाजला तेव्हा तो दीड मैल मागे होता. वाटेत बोरीचे काटे होते, म्हणून सायकल त्याच्या खांद्यावर होती.